जबड्याचा सांधा, हाडांची घनता आणि स्त्रियांचे दंतारोग्य

सोलापूर शहरातील नवी पेठ ही केवळ शहराची नव्हे, तर आसपासच्या तालुक्यांचीही बाजारपेठ आहे. लग्नाच्या कापडखरेदीपासून घरच्या औषधपाण्यापर्यंत अनेक कामे एकाच फेरीत उरकण्यासाठी ग्रामीण भागातील कुटुंबे येथे येतात. शहराच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया राहतात. त्यांचाही या पेठेशी नित्य संबंध येतो. अशा कुटुंबांत चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या तोंडात दोन-चार दाढा नसणे, भाकरी एकाच बाजूने चावली जाणे, जांभई देताना कानाजवळ कट्‌ असा आवाज होणे या गोष्टींचे कोणालाच नवल वाटत नाही. ‘वय झाले’ किंवा ‘बाळंतपणात दात गेले’ एवढ्या उत्तरावर चौकशी संपते. पुरुषाचा दात दुखला की मजुरी बुडते म्हणून तो दवाखाना गाठतो. स्त्री मात्र दुखऱ्या दातावर मिश्री लावून कामाला लागते.

या सर्व तक्रारी वयाच्या माथी मारण्याजोग्या आहेत काय? गेल्या काही दशकांतील वैद्यकीय संशोधन याचे उत्तर नकारार्थी देते. दात हाडात रुजलेले असतात आणि स्त्रीच्या हाडांचा जीवनक्रम पुरुषाच्या हाडांपेक्षा निराळा असतो. किशोरावस्था, मातृत्व आणि रजोनिवृत्ती अशी तीन वळणे त्यात येतात. प्रत्येक वळणावर जबड्याचे नुकसान होऊ शकते, तसेच प्रत्येक वळणावर ते टाळताही येते. म्हणूनच हा विषय दंतवैद्याच्या खोलीपुरता मर्यादित न राहता शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत यांच्या कार्यकक्षेत येतो.

सांध्याची रचना

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडले व मिटले, तर त्वचेखाली काहीतरी सरकताना जाणवते. तोच जबड्याचा सांधा होय. खालच्या जबड्याचे गोलसर टोक कवटीच्या हाडातील एका खोलगट जागेत बसलेले असते व त्या दोहोंमध्ये एक लवचीक चकती असते. गुडघा किंवा कोपर यांच्या तुलनेत या सांध्याची काही वैशिष्ट्ये आहेत. तो बिजागरीप्रमाणे फिरतो आणि त्याच वेळी पुढे घसरतोही. उजवा व डावा सांधा एकाच हाडाच्या दोन टोकांना असल्याने एकाला दुसऱ्यावाचून हालचाल करता येत नाही. शिवाय इतर बहुतेक सांध्यांच्या हाडांवर काचेसारखी गुळगुळीत कूर्चा असते, तर येथे तंतुमय कूर्चेचे आवरण असते.

या रचनेचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. एका बाजूच्या दाढा गेल्या आणि मनुष्य दुसऱ्या बाजूनेच चावू लागला, की दोन्ही सांध्यांवरील भाराचा समतोल बिघडतो. स्नायू थकतात आणि चकती जागेवरून सरकण्याचा संभव वाढतो. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी सर्वत्र वाखाणली जाते. निरोगी जबड्याला असे चावून खाण्याचे अन्न उपकारकच असते. कारण हाड वापरात राहिले तर टिकते. परंतु ज्या सांध्यात आधीच वेदना आहे, त्याला तीच कडक भाकरी काही आठवडे वर्ज्य करावी लागते. या काळात ती दुधात किंवा आमटीत कुस्करून खाणे हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो.

घनतेतील फरक

हाड बाहेरून दगडासारखे टणक दिसत असले, तरी आतून ते सजीव असते. जुने हाड झिजविणाऱ्या आणि नवे हाड बांधणाऱ्या पेशी जन्मभर काम करीत असतात. झिजेपेक्षा बांधणी अधिक असेतोवर हाड भरत जाते. सुमारे तिशीपर्यंत ही जमेची बाजू चालते. त्यानंतर काही काळ जमाखर्च सारखा राहतो आणि पुढे खर्च वाढतो. मुलींच्या हाडांत सर्वाधिक भर पडते ती वयात येण्याच्या आगेमागे, म्हणजे साधारणतः इयत्ता सहावी ते नववीच्या काळात. या वयात साठविलेली पुंजी पुढे आयुष्यभर पुरवायची असते.

सरासरीने पुरुषांची हाडे आकाराने मोठी व बाहेरच्या कवचाने जाड असतात. जबडाही याला अपवाद नाही. खालच्या जबड्याचे सांध्यातील टोक स्त्रियांत सरासरीने लहान असते. तरुणपणी हा फरक फारसा त्रासदायक नसतो. रजोनिवृत्तीनंतर मात्र चित्र बदलते. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाड झिजविणाऱ्या पेशींना आवर घालीत असते. ते कमी झाले, की पहिली पाच ते दहा वर्षे हाडांची झीज वेगाने होते. पुरुषांत अशी एकाएकी घसरण होत नाही; त्यांची झीज हळूहळू व उशिरा होते. भारतीय स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरी ४६–४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी येते, ही गोष्टही येथे लक्षात ठेवली पाहिजे.

मणके, खुबा आणि मनगट यांच्या विरळ हाडांची चर्चा वारंवार होते, जबड्याची क्वचित. वास्तविक संपूर्ण जबड्याचे एकच मोठे क्ष-किरण चित्र आज दंतवैद्यकात सर्रास काढले जाते. त्यात खालच्या जबड्याच्या तळाशी हाडाच्या कवचाची एक पांढरी रेघ दिसते. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रीच्या चित्रात ही रेघ ३ मिलिमीटरपेक्षा पातळ किंवा कुरतडल्यासारखी दिसली, तर तिच्या इतर हाडांचीही घनता तपासून घ्यावी, असा संकेत तज्ज्ञ मानतात. हा संकेत आहे, निदान नव्हे. दातांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोन-बीम सीटी यंत्राच्या चित्रातील करड्या छटांवरून घनतेचा नेमका आकडा सांगणेही धोक्याचे असते, कारण यंत्रागणिक त्या छटा बदलतात. तरीही दाढेसाठी आलेल्या स्त्रीच्या चित्रातून तिच्या खुब्याच्या हाडाविषयी वेळीच सूचना मिळू शकते, ही बाब सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मोलाची आहे.

वेदनेचा काळ निराळा

जबड्याच्या सांध्याचे विकार स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे दीडपट ते दुप्पट आढळतात. उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांत तर स्त्रियांचे प्रमाण याहूनही अधिक असते. हाडे विरळ म्हणून सांधा दुखतो, असे सरळ समीकरण यावरून कोणी मांडील. पण ते बरोबर नाही. सांध्याच्या वेदनेचा जोर मुख्यतः विशी ते चाळिशी या वयात असतो, तर हाडांची झीज त्यानंतर सुरू होते. म्हणजे वेदना आणि घनता यांचे काळ निराळे आहेत.

तरुण वयातील वेदनेमागे अनेक कारणे एकत्र येतात. वेदनेची जाणीव आणि सांधे बांधून ठेवणाऱ्या तंतूंचा सैलपणा यांवर स्त्रीच्या संप्रेरकांचा परिणाम होतो. मानसिक ताणाने दात आवळून धरण्याची किंवा झोपेत ते करकर चावण्याची सवय लागते. मान वाकवून तासन्‌तास एका जागी बसण्याच्या कामाने मानेचे आणि जबड्याचे स्नायू ताणले जातात. विडीकाम, शिवणकाम, भरतकाम करणाऱ्या स्त्रियांनी या कारणाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. दर तासाने उठून मान व खांदे मोकळे करणे, ओठ मिटलेले असतानाही वरचे व खालचे दात एकमेकांना टेकू न देणे, दुखऱ्या बाजूस गरम पाण्याचा शेक देणे आणि काही दिवस मऊ अन्न घेणे, एवढ्यानेच बहुसंख्य रुग्णांना उतार पडतो. शस्त्रक्रियेची गरज फार थोड्यांना लागते. केवळ आवाज होतो, पण वेदना नाही व तोंड पूर्ण उघडते, अशा स्थितीत उपचाराची निकड नसते.

उतारवयातील प्रश्न वेगळा असतो. तेथे सांध्याच्या हाडाची टोके झिजून चपटी होणे, दात उभे असलेले हाड खचणे आणि दात गेल्यावर उरलेला कंगोरा झिजत जाणे हे बदल दिसतात. दात काढल्यानंतर तेथील हाडाला काम उरत नाही व ते आटत जाते. खालच्या जबड्यात ही झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने होते, असे दीर्घकालीन निरीक्षणांतून दिसून आले आहे. खालची कवळी वृद्ध स्त्रीच्या तोंडात ठरत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे मूळ येथे आहे. त्यामुळे दात वाचविणे म्हणजे हाड वाचविणे होय.

फार जुना भेद

दातांच्या आरोग्यातील स्त्री-पुरुष भेद आजचा नाही. महाराष्ट्रात या विषयाचा एक महत्त्वाचा अभ्यास पुरातत्त्वाच्या क्षेत्रात झाला. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वसाहत तेथे उजेडात आली. तेथील मानवी सांगाडे व दात यांचा अभ्यास डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन ल्युकाक्स यांनी केला. दातांवरील खुणांवरून त्या काळच्या मुलांचे कुपोषण व आजारपण कसे वाचता येते, हे अशा अभ्यासांनी दाखवून दिले.

पुढे १९९६ मध्ये ल्युकाक्स यांनी हडप्पा येथील सांगाड्यांसह दक्षिण आशियातील पुराव्यांचा विचार करून एक निष्कर्ष मांडला. शिकार व कंदमुळे यांवरून मनुष्य धान्याच्या शेतीकडे वळला, तेव्हा दात किडण्याचे प्रमाण सर्वांतच वाढले. परंतु स्त्रियांत ते अधिक वाढले. त्यामागे स्वयंपाकाच्या निमित्ताने वारंवार थोडेथोडे खाणे हे एक कारण असू शकते. याखेरीज मुलींचे कायमचे दात मुलांपेक्षा काही महिने लवकर उगवतात व त्यामुळे अधिक काळ किडीच्या तडाख्यात राहतात. स्त्रियांच्या लाळेचा प्रवाह सरासरीने कमी असतो, आणि गरोदरपणात तोंडातील स्थिती बदलते.

हिरड्यांच्या रोगात मात्र उलट चित्र दिसते. जगातील बहुतेक पाहण्यांत हिरड्यांचा तीव्र रोग पुरुषांत अधिक आढळला आहे. धूम्रपान, तंबाखू आणि दात स्वच्छ ठेवण्यातील हयगय ही त्याची प्रमुख कारणे होत. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. निसर्गाने स्त्रीला दुबळे दात दिलेले नाहीत. राहणी, आहार आणि उपचाराची संधी यांमुळे नैसर्गिक फरकाचे रूपांतर नुकसानीत होते.

बाळंतपण आणि दात

पोटातले बाळ आईच्या दातांतील चुना ओढून घेते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. तिच्यात तथ्य नाही. पूर्ण तयार झालेल्या दाताच्या वेष्टनात रक्तप्रवाह नसतो. तेथून कॅल्शियम काढून घेण्याची वाट शरीरापाशी नाही. आहारातून पुरेसे कॅल्शियम मिळाले नाही तर ते आईच्या हाडांतून घेतले जाते, दातांतून नव्हे.

मग गरोदरपणात दात का बिघडतात? वारंवार होणाऱ्या ओकाऱ्यांतील आम्लाने दातांचा पृष्ठभाग झिजतो. थोड्याथोड्या वेळाने खाल्ले जाते. संप्रेरकांच्या बदलाने हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि रक्त येते म्हणून दात घासणे सोडले जाते. त्यामुळे कीटण साचून रोग वाढतो. ओकारी झाल्यावर लगेच दात न घासता आधी साध्या पाण्याने चूळ भरावी, अर्ध्या तासाने मऊ ब्रशने दात घासावेत आणि हिरड्यांतून रक्त येत असले तरी स्वच्छता थांबवू नये. गरोदरपणात दंतोपचार करू नयेत, हाही गैरसमजच आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत आवश्यक उपचार सुरक्षितपणे करता येतात. मात्र आपण गरोदर आहोत हे डॉक्टरांना प्रथम सांगितले पाहिजे.

गरोदर व स्तनदा मातांना कॅल्शियम देण्याविषयी केंद्र शासनाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार चौथ्या महिन्यापासून प्रसूतीपर्यंत आणि प्रसूतीनंतर सहा महिने दररोज दोन गोळ्या, म्हणजे एकूण १ ग्रॅम कॅल्शियम, जेवणाबरोबर घ्यावयाचे असते. या गोळ्यांत ‘ड’ जीवनसत्त्वही असते. लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी कॅल्शियम घेऊ नये, कारण त्यामुळे लोह नीट शोषले जात नाही. दोन्ही गोळ्या मिळतात, पण त्या एकदम गिळल्या जातात किंवा डब्यात पडून राहतात. येथे आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांनी वेळ समजावून सांगण्याचे दोन मिनिटांचे काम मोठे फळ देणारे आहे.

मिश्री, मावा आणि चुना

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या तोंडाच्या आरोग्याचा विचार मिश्रीवाचून पुरा होत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची भुकटी केली जाते. तीच मिश्री किंवा मशेरी होय. बहुधा दातदुखीवर उपाय म्हणून किंवा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया लावतात म्हणून ती सुरू होते. पुढे सकाळी एकदा लावण्याची सवय दिवसातून तीन-चार वेळांवर जाते. निकोटीनने वेदना काही काळ बोथट होते, रक्तवाहिन्या आकसतात व हिरड्यांतून रक्त येणेही कमी झाल्यासारखे वाटते. त्यामुळे ‘गुण आला’ असा समज होतो. प्रत्यक्षात रोग आतून वाढत राहतो. हिरड्या मागे सरकतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि आधाराचे हाड खचते. ज्या जबड्याला रजोनिवृत्तीची झीज पुढे सोसायची आहे, त्याला आधीच खड्डा पडलेला असतो.

हानी एवढ्यावर थांबत नाही. मुंबईत १,२१७ स्त्रियांवर करण्यात आलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणात धूरविरहित तंबाखू, विशेषतः मिश्री, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले आणि मुदतीपूर्वीच्या प्रसूतीचे प्रमाणही अधिक आढळले. २०१६–१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात साधारणपणे तिघा पुरुषांमागे एक आणि सहा स्त्रियांमागे एक स्त्री धूरविरहित तंबाखू वापरते. सोलापुरात तर तंबाखू रोज ज्यांच्या हातांतून जाते, अशा विडी कामगार स्त्रियांची मोठी वस्ती आहे. त्यांच्यासाठी २००६ मध्ये कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, एवढ्यावरूनही त्यांच्या संख्येची कल्पना यावी.

मुलगे व तरुण पुरुष यांच्यात मावा, गुटखा आणि सुपारी यांचे व्यसन अधिक दिसते. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी घालण्यात आली. तरी सुपारीचा प्रश्न संपलेला नाही. सुपारीमुळे गालांच्या आतील अस्तर ताठर होते व तोंड उघडेनासे होते. पुष्कळदा याला सांध्याचा विकार समजले जाते. दोहोंतील फरक ओळखण्यास सांध्याजवळील वेदना, गालातील पांढरट ताठर पट्टे आणि तिखट लागताच होणारी जळजळ यांची चौकशी उपयोगी पडते. तोंड उघडून स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी आत जातात की नाही, ही तपासणी तर कोणालाही करता येते. बोटे जात नसतील तर डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते.

तंबाखूतील चुन्याने कॅल्शियम मिळते, हा समजही दूर झाला पाहिजे. चुना तोंडाचे अस्तर भाजतो व निकोटीन रक्तात अधिक वेगाने शिरण्यास साहाय्य करतो. हाडांना त्याचा लाभ नाही.

गर्भाशय काढल्यानंतर

या विषयाचा एक गंभीर पैलू ऊसतोड कामगार स्त्रियांशी संबंधित आहे. सोलापूर हा राज्यातील साखर कारखान्यांचा आघाडीचा जिल्हा असून हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणी मजूर येथे येतात. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. यांतील अनेक स्त्रिया ऐन तारुण्यातील होत्या. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजकोश काढले गेले, तर इस्ट्रोजेन तत्काळ बंद होते व पंचेचाळिशीत व्हावयाचा बदल तिशीतच होतो. बीजकोश ठेवले तरी रजोनिवृत्ती लवकर येण्याचा संभव असतो. अशा स्त्रीची हाडे इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षे आधी झिजू लागतात. मणक्यांइतकीच जबड्यालाही या अकाली झिजेची झळ पोहोचू शकते. म्हणून अशा स्त्रियांची नोंद ठेवून त्यांच्या हाडांची व दातांची तपासणी आणि कॅल्शियमचा पुरवठा प्राधान्याने होणे न्याय्य आहे.

हाडे विरळ झाल्याबद्दल काही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णांनी दात काढण्यापूर्वी दंतवैद्यास त्याची कल्पना द्यावी. या औषधांच्या काही प्रकारांनी दात काढल्यानंतर जबड्याची जखम न भरण्याची क्वचित आढळणारी गुंतागुंत होते. तिची नोंद प्रथम २००३ मध्ये झाली. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

ताटात काय असावे

प्रौढ व्यक्तीस दररोज १,००० मिलिग्रॅम आणि स्तनदा मातेस १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, असे भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. सोलापूर जिल्ह्याचे मुख्य अन्न ज्वारी. मालदांडी ज्वारीचे प्रसिद्ध वाण मोहोळ येथील संशोधन केंद्रावर निवडले गेले, तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्वारी बळ देणारी आहे, यात शंका नाही; परंतु १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम केवळ २५ ते ३० मिलिग्रॅम असते. तेवढ्याच नाचणीत सुमारे ३५० आणि तिळात हजाराहून अधिक मिलिग्रॅम असते. एक मोठा पेला दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते.

यावरून भाकरी सोडण्याचे कारण नाही. तिच्याबरोबर काय आहे हे पाहण्याचे आहे. ज्वारीच्या पिठात थोडी नाचणी मिसळणे, शेंगांच्या चटणीबरोबर तिळाचीही चटणी करणे, शेवग्याचा पाला व राजगिऱ्याची भाजी वरचेवर करणे आणि ताक किंवा दही घरातील बायकांच्याही वाट्याला येईल असे पाहणे, हे उपाय महाग नाहीत. घरातील दूध डेअरीला जाते आणि उरलेले मुलांना व पुरुषांना मिळते, ही अनेक घरांतील वहिवाट आहे. तिचा परिणाम वीस वर्षांनी स्त्रीच्या हाडांत उतरतो. याशिवाय ऊन भरपूर असूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता भारतात व्यापक प्रमाणावर आढळली आहे. दिवसभर घरात बसून काम करणाऱ्या स्त्रियांनी रोज काही वेळ उन्हात काढणे हितावह आहे.

कोणी काय करावे

शिक्षकांच्या हाती पहिले वळण आहे. खो-खो, लंगडी, दोरीवरच्या उड्या या खेळांनी वाढत्या हाडांवर भार येतो व ती भरीव होतात. वयात आल्यावर मुलींचे खेळणे थांबविण्याची प्रथा नेमक्या याच कारणाने घातक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा व अंगणवाड्यांत तपासणी करतात; तीत दातांच्या विकारांचाही समावेश आहे. पथक गेल्यानंतर संदर्भित मुली दवाखान्यात पोचल्या की नाही, याचा पाठपुरावा शाळेनेच करावयास हवा. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे; तिची अंमलबजावणी मुख्याध्यापक व ग्रामपंचायत यांनी मिळून करावी.

ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. या सदस्यांनी महिला ग्रामसभेत मिश्रीचा विषय मांडल्यास तो उपदेश न राहता घरातील बोलणे होईल. मिश्री सोडा, एवढे सांगून भागत नाही. दुखऱ्या दाताला उपचार मिळाला तरच ती सुटते. यासाठी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील दंतचिकित्सकांच्या भेटीचे दिवस गावात जाहीर करणे, गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशीच त्यांचे दात पाहण्याची सोय करणे, आणि तिशीवरील स्त्री-पुरुषांच्या असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीत तोंडाची तपासणी वगळली जाणार नाही याची दक्षता घेणे, ही कामे अधिकाऱ्यांनी व सदस्यांनी संगनमताने नव्हे तर सहकार्याने, उघडपणे नियोजन करून पार पाडावीत. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, ओठाला आलेली बधिरता आणि तीन बोटांइतके न उघडणारे तोंड ही लक्षणे आढळल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

खेड्यातील स्त्रिया तपासणीला येत नाहीत, असे या संदर्भात नेहमी सांगितले जाते. सोलापूर जिल्ह्यानेच ते खोटे ठरविले आहे. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते पोचले. पुढे बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांना जगभर मान्यता मिळाली. गर्भाशयमुखासारख्या संकोचाच्या तपासणीस ज्या भागातील स्त्रिया विश्वासाने पुढे आल्या, त्या दात व जबडा दाखविण्यास मागे राहतील, असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्यापर्यंत पोचण्याची व्यवस्था आणि त्यांच्या दुखण्याला दुखणे मानण्याची वृत्ती, या दोन गोष्टींची गरज आहे. त्या साधल्या, तर आज सहावीत शिकणारी मुलगी साठाव्या वर्षीही स्वतःच्या दातांनी कडक भाकरी खाऊ शकेल.